तिसऱ्या रांगेतला इलियास

पेणमध्ये मंडळ काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो मूर्ती किती फुटांची. दुसरा, वर्गणी किती. तिसरा प्रश्न येत नाही, कारण तोवर विचारणारा पसार झालेला असतो. त्यामुळे १९९५च्या डिसेंबरात पुंडलिक मोकलने 'पेण-रोहा संगणक तंत्रज्ञ मंडळ' अशी पाटी रंगवायला टाकली, तेव्हा पेंटरने ब्रश कानावर ठेवून विचारलं, "ह्ये कुठल्या आळीचं?"

"आळीचं नाय. पेणपासून रोह्यापर्यंत."

"बाप रे! मग विसर्जन कुठं करणार?"

यावर पुंडलिकला बरंच काही बोलता आलं असतं. तो बोलला नाही. न बोलणं हा त्याचा धंदा नसला तरी हातखंडा होता. त्याची आई गोदूबाई सुनेला सांगायची, "गो अनिता, ह्यो लहान असताना रडायचा तो पण हळूच. पाळण्यात वाकून बघायला लागायचं, रडतोय का हसतोय."

असा हा पुंडलिक. पेणजवळ खाडीकाठचं गाव, बाप मिठागरावर कामाला. पुंडलिक आयटीआय करून रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून चिकटला. अंगाने किरकोळ, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. कुठलंही मीटर त्याच्या हातात दिलं की ते खरं बोलायला लागे. तो स्वतः मात्र चार माणसं समोर बसली की बंद.

त्र्याण्णव साली कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर हळदीकुंकू, आणि चपला बाहेर काढायची सक्ती. देवघराचे सगळे नियम त्याला लागू होते. फरक एवढाच, की हा देव मधूनच बंद पडायचा आणि त्याचा पुजारी पुण्याला राहायचा. पुजारी येईपर्यंत त्याच्याजवळ बसायला कोणीतरी हवं म्हणून साहेबाने पुंडलिकला बसवलं. कारण काय, तर हा गप्प बसतो, म्हणजे याला समजत असणार. पुंडलिकने डिक्शनरी घेऊन मॅन्युअल वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सहा महिन्यांत त्याला खरंच समजायला लागलं.

एकदा कारखान्याचा प्रिंटर अडला. पुंडलिक तो रिक्षात घालून रोह्याच्या बाजारात इलियास मुकादमच्या गाळ्यावर घेऊन गेला. इलियास टीव्ही, रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करायचा. वय पुंडलिकएवढंच, पस्तिशीचं, पण तोंड त्याच्या दसपट चालणारं. प्रिंटर त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने तो तेवढ्याच प्रेमाने उघडला, आत डोकावला आणि म्हणाला, "यात झुरळाचं बिऱ्हाड हाय. भाडं देतात का?" मग जुना टूथब्रश घेऊन बसला. तासाभरात प्रिंटर करकरायला लागला.

"एक विचारू का?" इलियास म्हणाला. "तुमच्याकडं ह्ये मशीन बिघडलं की तुम्ही विचारता कोणाला?"

"कोणालाच नाय."

"आणि डोलवीच्या कारखान्यातले?"

"ते पण कोणालाच नाय."

"म्हणजे सगळे आपापल्या घरी एकेकटे रडतात. अरे, एकत्र बसून रडू या की! निदान कोण कशापायी रडतोय ते तरी कळंल."

मंडळ जन्माला आलं ते या वाक्यातून. पाटी पुंडलिकची, अक्षर पुंडलिकचं, प्रत्येक कारखान्याला गेलेलं 'ज्यांच्या अंगावर संगणक येऊन पडला आहे अशा सर्व बंधूंस' असं सुरू होणारं पोस्टकार्डही पुंडलिकचं. कल्पना मात्र इलियासची. हे पहिल्या अकरा जणांना माहीत होतं, आणि पुढच्या दोनशेंना कोणीही सांगितलं नाही. तीच ही गोष्ट.

पहिली सभा भरवायची कुठे यावर महिना गेला. पेणच्या माणसाला रोहा लांब वाटतं, रोह्याच्या माणसाला पेण लांब वाटतं, आणि दोघांना मुंबई जवळ वाटते. शेवटी मधलं कासू स्टेशन ठरलं. इकडचे इकडच्या गाडीने आले, तिकडचे तिकडच्या. प्लॅटफॉर्मच्या टोकाला झाडाखाली अकरा माणसं उकिडवी बसली. प्रत्येकाच्या पिशवीत आपापल्या कारखान्यातली एखादी मेलेली वस्तू: कुणाचा कीबोर्ड, कुणाची फ्लॉपी, कुणाचं जळकं कार्ड. इलियासने मधोमध वर्तमानपत्र पसरलं आणि एकेकाची पिशवी उघडली. हा कसला मोर्चा तर नाही ना, या संशयाने स्टेशन मास्तर येऊन उभे राहिले, आणि अर्ध्या तासाने घरचा बंद रेडिओ घेऊन परत आले. भाषण नाही, हार नाही, अध्यक्ष नाही. संध्याकाळी गाडी येईपर्यंत अकरापैकी सात वस्तू जिवंत झाल्या होत्या.

पुंडलिकच्या आयुष्यातला तो फार सुखाचा काळ. दर महिन्याला कासूला जायचं, इलियासच्या शेजारी बसायचं, तो बडबडत असताना आपण तारा धरायच्या.

पण चांगल्या गोष्टीला माणसं जमतात, आणि माणसं जमली की त्यांना खुर्च्या लागतात. शहाण्णवच्या ऑगस्टात मंडळाने पेणमध्ये एक हॉल घेतला. साठ-सत्तर जण आले. पुंडलिक सेक्रेटरी, म्हणून प्रास्ताविक त्याच्या गळ्यात. तो माइकपुढे उभा राहिला. "नमस्कार," म्हणाला. पुन्हा "नमस्कार," म्हणाला. मग बसलेल्या लोकांना "बसा" म्हणाला. लोक बसलेलेच होते. काही जण गोंधळून उठले आणि परत बसले. पुढचं वाक्य सापडेना. आणि आणीबाणीत माणसाच्या तोंडून सगळ्यात ओळखीचा शब्द निघतो तसं त्याच्या तोंडून निघालं, "चहा तयार आहे."

चहा खरोखरच तयार होता. सत्तर माणसं उठली आणि चहाकडे गेली. प्रमुख पाहुणे चहा पिऊन, छान झाला कार्यक्रम, असं सांगून घरी गेले. त्या दिवसापासून रोह्यापर्यंत पुंडलिकचं नाव पडलं चहावाले मोकल.

"तुझ्यात फॉल्ट एकच हाय," इलियास दुसऱ्या दिवशी म्हणाला. "मोटार चालू होताना जास्त करंट खाते. एकदा फिरायला लागली की गप फिरते. तुझं पहिलं वाक्य जड हाय. तेवढं मी ढकलतो, पुढं तू फिर."

"मला नाय जमणार, इलियास. तू बोल. तुला येतंय."

"मी बोललो तर लोक हसतात. मला हसवता येतं, पटवता येत नाय. तुझं तोंडच असं हाय की तू खोटं बोललास तरी लोक लिहून घेतील."

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात दुसरा वर्धापनदिन रोह्याला धुमधडाक्यात करायचा ठरला आणि दिवाळीनंतर तालीम सुरू झाली. गुरुवारी पुंडलिकच्या कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी इलियास गाळ्याचं शटर ओढून सकाळच्या गाडीने पेणला यायचा. गावाबाहेर एक ओस पडलेलं मिठागर होतं, पुंडलिकच्या बापाने आयुष्य घालवलेलं. पुंडलिक एका बांधावर उभा, इलियास समोरच्या बांधावर रुमाल टाकून बसलेला. बाकी श्रोते बगळे. ते वक्त्याकडे बघायचे नाहीत, पण उठूनही जायचे नाहीत. यापेक्षा चांगला श्रोतृवर्ग महाराष्ट्रात आजवर कुठल्या वक्त्याला मिळालेला नाही.

इलियासची रीत साधी. "दोनशे माणसांशी बोलू नको. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसणार. माझ्याशी बोल. अडलास की माझ्याकडं बघ." आणि पुंडलिक अडला की इलियास पंजा पुढे ढकलायचा, एसटीचा कंडक्टर 'जाऊ द्या' म्हणून करतो तसा. तो पंजा हलला की पुंडलिकची गाडी सुटायची.

दुसऱ्या गुरुवारी इलियास जरा गप्प होता. भाषण दोनदा झाल्यावर म्हणाला, "आकिबचं पत्र आलंय." आकिब म्हणजे त्याच्या बायकोचा, रुखसारचा भाऊ. सौदीत दम्मामला होता. "विजा काढलाय म्हणतो माझा. फेब्रुवारीत ये म्हणतो."

"मग?"

"मला नाय जायचं. तिकडं जाऊन एसी पुसायचे, आणि इथं मंडळ टाकून जायचं?" त्याने एक ढेकूळ पाण्यात फेकलं. "ऐक. नागोठण्याच्या पल्याड ती नवी कंपनी झालीय ना, तिथं चाळीस कॉम्प्युटर आलेत. वर्षभर सांभाळायला त्यांना माणूस पाहिजे. मी जाऊन भेटलो त्यांच्या मॅनेजरला. सर्टिफिकेट काय हाय, विचारलं. मी सांगितलं, टीव्ही-रेडिओचं. चांगला माणूस, पण हसला."

"हसला?"

"हसणारच. ह्यो मॅनेजर आपल्या कार्यक्रमाला येणार हाय. तू माझं नाव घे, पुंडलिक. मंडळ ह्यानं काढलं, अकरा कारखान्यांची मशीनं ह्यानं उभी केली, एवढी दोन वाक्यं बोल. तू बोललास की तेच माझं सर्टिफिकेट. नायतर मग दम्माम हायेच."

पुंडलिकने त्या रात्रीच्या जेवणाआधीच तो परिच्छेद लिहून काढला. दोन वाक्यांची नऊ झाली. अख्ख्या भाषणात तेवढाच भाग त्याने डिक्शनरी न बघता लिहिला होता आणि तेवढाच भाग चांगला होता. पुढच्या गुरुवारी बांधावर उभा राहून तो वाचायला लागला, "मित्रहो, हे मंडळ ज्याच्या डोक्यातून निघालं, तो माझा मित्र..."

"बस बस बस!" इलियासने कानांवर हात ठेवले. तो चक्क लाजला होता. "तोंडावर तारीफ केली की मला खाज सुटते. इथं बोलू नको. इथं नुसता थांब, माझ्याकडं बघ, आणि पुढं चल. त्या दिवशी काय ते बोल."

मग तसंच ठरलं. पुंडलिक कारखान्यांची नावं घ्यायचा, प्रात्यक्षिकाला कॉम्प्युटर देणाऱ्या, पेणच्या क्लासवाल्या निकेशचे आभार मानायचा, मग थांबायचा, समोरच्या बांधाकडे बघायचा, इलियास हसत पंजा पुढे ढकलायचा, आणि पुंडलिक "आता भविष्याकडे वळू या" असं म्हणून भविष्याकडे वळायचा. चार गुरुवार गेले. रोज कामावर जाता-येता गाडीत ओठ हलायचे ते वेगळेच. डब्यातल्या लोकांना वाटायचं मोकल नामस्मरणाला लागले. पन्नास-साठ वेळा तरी ते भाषण त्याच्या तोंडातून गेलं असेल, आणि पन्नास-साठ वेळा त्या जागी तो थांबला, बघितलं आणि वळला.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. रोह्याच्या हॉलमध्ये दोनशे माणसं. पुढच्या रांगेत मॅनेजरसाहेब, शेजारी कॉम्प्युटर क्लासवाला निकेश, इस्त्रीच्या शर्टात. निकेश माणूस सरळ. त्याने प्रात्यक्षिकासाठी आपल्या क्लासचे दोन कॉम्प्युटर आणले होते आणि त्यांना कुणी हात लावू नये म्हणून स्वतःच हात लावत उभा होता. तिसऱ्या रांगेत कडेला इलियास. नवा कुर्ता, अत्तर, मांडीवर हात.

पुंडलिक उभा राहिला. पहिलं वाक्य अडलं. त्याने तिसऱ्या रांगेत बघितलं. पंजा हलला. आणि मोटार फिरली.

काय फिरली म्हणता! आवाज सापडला. हात सापडले. एका ठिकाणी तर लोक हसले, आणि ते चुकून नव्हे, ठरल्या जागी हसले. दारात उभी असलेली अनिता शेजारणीचा दंड दाबून म्हणाली, "गो, आमचेच हायत ना हे?" कारखान्यांची नावं झाली. निकेशचे आभार झाले, "आपल्या मंडळाचा तांत्रिक आधारस्तंभ" या शब्दांत. हे शब्द पुंडलिकला कुठल्याशा निमंत्रणपत्रिकेत सापडले होते. मग तो थांबला. त्याने इलियासकडे बघितलं.

इलियासला वाटलं, माझ्या नावावर येऊन अडला. सगळं छान चाललेलं असताना ऐन मोक्याला अडला. त्याने घाईघाईने पंजा पुढे ढकलला, जाऊ द्या, जाऊ द्या.

"आता भविष्याकडे वळू या," पुंडलिक म्हणाला.

भाषण संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. पुंडलिकने अशा टाळ्या आजवर दुसऱ्यांसाठी वाजवल्या होत्या, स्वतःसाठी ऐकल्या नव्हत्या. आणि त्या टाळ्यांच्या मधोमध त्याला आठवलं. नऊच्या नऊ वाक्यं आठवली, स्वल्पविरामासकट. माइक समोरच होता, चालू होता. दोनशे माणसं अजून त्याच्याकडेच बघत होती. मॅनेजरसाहेबही. तो माइककडे वळला, एक पाऊल टाकलंही. तेवढ्यात निकेश हार घेऊन आला.

आता हार आलेला असताना 'एक मिनिट थांबा' म्हणता येतं. जगात अनेकांनी म्हटलं असेल. पण त्याच्या मनात आलं, परत माइक धरला तर लोक म्हणतील, विसरला होता. एवढं एकसंध झालेलं भाषण, त्याला शेवटी ठिगळ. इलियासचं काय, साहेबांना उद्या जाऊन सांगता येईल. हे सगळं मनात यायला किती वेळ लागला असेल? झेंडूचा हार डोक्यावरून खाली यायला लागतो तेवढा. पुंडलिकने मान वाकवली.

चहाच्या वेळी मॅनेजरसाहेब निकेशशी बोलताना दिसले. इलियास गर्दीतून आला आणि त्याने पुंडलिकला मिठी मारली. "फर्स्ट क्लास! मधे एकदाच अडलास, आणि तेसुद्धा कोणाला कळलं नाय."

"इलियास, ते तुझं..."

"सोड रे. आधी चहा पी. आज तू सांगितलं नाहीस तरी लोक आपणहून उठले चहाला."

'उद्या' पुंडलिकला चौथ्या दिवशी सापडला. मधल्या तीन दिवसांत लोक अभिनंदनाला येत होते. चौथ्या दिवशी तो नागोठण्याला उतरून त्या कंपनीत गेला आणि मॅनेजरसाहेबांना त्याने सगळं सांगितलं, अजिबात न अडखळता. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"अहो मोकल, काम तर कालच निकेशना दिलं. तुमच्या शब्दावरच दिलं. आधारस्तंभ म्हणालात ना? मला वाटलं, एवढा नेमका बोलणारा माणूस उगाच म्हणणार नाही." मग साहेबांना खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. बाकी तुम्ही बोलता फार सुंदर हो. मार्चमध्ये आमचा सुरक्षा सप्ताह आहे. याल का दोन शब्द बोलायला?"

पुंडलिक "येईन" म्हणाला. हे त्याने अनितालासुद्धा बरेच दिवस सांगितलं नाही.

फेब्रुवारीत इलियास गेला. मार्चमध्ये पुंडलिक सुरक्षेवर बोलला. मग बोलतच राहिला. शाळेचं गॅदरिंग, सोसायटीची सभा, निवृत्तीचा निरोप, दहाव्याला शोकसभा, जिथे चार खुर्च्या मांडल्या जात तिथे मोकल उभे. गोदूबाई म्हणायची, "लहानपणी वाकून ऐकायला लागायचा, आता कानात कापूस घालायला लागतो." लग्नपत्रिकेबरोबर लोक त्याला विषय देऊन जायचे. नव्याण्णव साली दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी हूल उठली, तेव्हा त्या संकटावर पुंडलिकने पेण ते रोहा नऊ ठिकाणी व्याख्यानं दिली. लोक भारावून जायचे. एकाही ठिकाणी कुणी स्क्रू ड्रायव्हर काढला नाही.

कारण मंडळात आता कोणी पिशवी घेऊन येत नव्हतं. इलियास गेल्यावर दोन-तीन सभांना लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणल्या, पुंडलिकसमोर ठेवल्या. त्याने एकेक हातात घेऊन त्या कशाने बिघडल्या असाव्यात यावर सुरेख विवेचन केलं. वस्तू तशाच परत गेल्या. खरं तर त्याचे हात तेच होते. मीटर अजून त्याच्यासमोर खोटं बोलत नव्हतं. पण उकिडवं बसायला शेजारी कोणीतरी लागतं, आणि उभं राहायची त्याला एव्हाना सवय झाली होती. पहिले अकरा जण हळूहळू यायचे थांबले. कासूला तर कोणी उतरेनाच.

नव्याण्णवच्या नोव्हेंबरात इलियास सुट्टीवर आला. पुंडलिक रोह्याला त्याच्या घरी गेला तेव्हा तो ओट्यावर बसून शेजाऱ्याचा पंखा उघडत होता. जाड झाला होता, डोक्यावरचे केस दम्मामला ठेवून आला होता. रुखसारने चहा आणि खारी आणली.

"भावजी, तुमचं भाषण एवढं मस्त झालेलं म्हणं," ती म्हणाली. "हे तिकडनं फोन करतात तेव्हा पण सांगतात. मंडळाचा विषय निघाला की, तुला सांगतो रुखसार, पुंडलिक काय बोलला! मीच शिकवलेला म्हणतात."

ती आत गेली. पुंडलिकने कप खाली ठेवला.

"इलियास, त्या दिवशी मला आठवलं होतं. नंतर नाय. टाळ्या चालू होत्या तेव्हाच."

इलियास पंख्याचा स्क्रू फिरवत राहिला. "मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "तू माइककडं वळलास ना? मी बघितलं. मी उठून उभा पण राह्यलो होतो. म्हटलं, आता घेतो नाव." स्क्रू निघाला, त्याने तो बशीत टाकला. "मग निकेश मधे आला."

"निकेश मधे आला नाय. मी मान खाली केली."

"ते पण बघितलं."

पुंडलिकने आपसूक पात्याची कड धरली, इलियासने आतलं बेअरिंग काढलं, ते पेट्रोलमध्ये धुतलं, कपड्याने पुसलं. त्याला राग आला आहे की नाही, हे त्याच्या हातांवरून कळत नव्हतं, आणि पुंडलिकला आता फक्त शब्दांवरूनच समजायची सवय लागली होती.

"तुझं एक काम होतं," शेवटी इलियास म्हणाला. "गाळा विकायला काढलाय. बंद शटरचा टॅक्स भरून काय करू? माझे वीस दिवस राह्यलेत. मी बोललो की गिऱ्हाईक हसतं आणि भाव पाडतं. तू बोलशील का त्यांच्याशी?"

"बोलतो," पुंडलिक म्हणाला.

दोन दिवसांनी एक रेडिमेड कपड्यांचा व्यापारी गाळा बघायला आला. पुंडलिकने त्याला जागा दाखवली, बाजारपेठ समजावली, या गाळ्याला काय नाव होतं, लोक कुठून कुठून यायचे, इथे बसून एका माणसाने अकरा कारखान्यांची मशीनं कशी उभी केली, सगळं सांगितलं. नऊच्या नऊ वाक्यं सांगितली. इलियास मागे, टीव्हीच्या रिकाम्या खोक्यांत उभा होता, आणि या वेळी त्याने कानांवर हात ठेवले नाहीत.

व्यापाऱ्याने तिथल्या तिथे होकार दिला.